दाजींचं लिव्हर तेरा सेंटिमीटर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी दाजींचं नाव घेतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. ईट गावात त्यांची खव्याची भट्टी होती. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि आमच्या गावची शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला अक्काकडे राहायला गेलो तो बी.एस्सी. होईपर्यंत त्यांच्याच घरचा होऊन राहिलो. बहात्तरच्या दुष्काळात म्हशी गेल्या, दूध आटलं, भट्टी बंद पडली. दाजी तलावाच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागले. माझी मॅट्रिकची परीक्षा त्याच दुष्काळात आली. केंद्र तालुक्याच्या गावी, भूमला. दाजींनी परीक्षेभर कामावर खाडा केला आणि मला सायकलवर डबलसीट बसवून रोज नेलं, रोज आणलं. चढ आला की मी उतरायला बघायचो, तर ते ओरडायचे, "बसा की गप. तुमी नुसतं आठवत ऱ्हावा. पाय माझं, डोस्कं तुमचं."

हे सगळं मी कधी विसरलो नाही. तरीही पुढे एका वर्षी मला याच माणसाचा इतका हेवा वाटला की त्यांचं काही वाईट निघालं तर बरं होईल, इथपर्यंत माझं मन गेलं. ते कसं झालं, ते आज लिहितो आहे.

बी.एस्सी. झाल्यावर मला सहकारी दूध संघात नोकरी लागली. दुष्काळानंतर गावोगाव दूध सोसायट्या निघाल्या होत्या. तेर गावाच्या बाजूला संघाचं शीतकरण केंद्र होतं, तिथे मी दूध तपासायला होतो. कॅन उघडायचा, दूध नीट ढवळायचं, नमुना घ्यायचा, काचेच्या नळीत तेजाबाबरोबर फिरवून फॅट काढायचं आणि लॅक्टोमीटर सोडून डिग्री बघायची. डिग्री म्हणजे दूध किती जड आहे त्याचा आकडा. एवढंच काम, पण सगळी गावं माझ्या तोंडाकडे बघत उभी असायची. दाजींची भट्टीही परत पेटली होती. तिथे येणाऱ्यांना ते सांगायचे, "आमचं पाव्हणं साहेब हायत. दुधाच्या पोटातलं काढत्यात."

पिणं आम्हा दोघांचंही होतं. दाजी दिवसभर भट्टीपुढे उभे राहून कढईत उलथनं फिरवत. अंगातलं पाणी आटून जायचं, मग संध्याकाळी देशी संत्रा. माझं नोकरीपायी सुरू झालं. केंद्रावरचे सगळे बसायचे, मी नव्यानं शिकलेला, नव्यानं पगार खाणारा. नको म्हणायची लाज वाटायची. पुढे पुढे त्यांच्यातले दोघे बदलून गेले, एकानं सोडली, आणि मी एकटाच बसू लागलो. असं दहा वर्षं चाललं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझ्या उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. जेवण जाईना. दाजींना कळलं तसे ते ईटहून निघून आले आणि मला बार्शीच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी पोट दाबलं.

"लिव्हर हाताला लागतंय. किती पिता?"

"थोडी."

"थोडी म्हणजे किती? दूध मोजता ना तुम्ही? मापात सांगा."

मी माप सांगितलं. निम्मं सांगितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता ते दुप्पट करून लिहिलं आणि दाजींकडे वळले. "आणि तुम्ही?"

"म्या ह्यांच्यासंगं आलोय."

"ते दिसतंय. झोपा इथं."

दाजी हसत हसत झोपले. त्यांचं पोट दाबल्यावर मात्र डॉक्टर हसले नाहीत. दोघांनाही सोलापूरला जाऊन सोनोग्राफी करून यायला सांगितलं.

सोनोग्राफी हा शब्द तेव्हा आमच्याकडे नवीन होता आणि ती बायकांची असते असा सगळ्यांचा समज. सोलापूरला त्या दवाखान्याच्या बाकावर खरोखरच सगळ्या पोटुशा बायका बसलेल्या. त्यांच्या मधे आम्ही दोघे उपाशी पोटी. दाजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पाव्हणं, तुमचा कितवा म्हैना?" शेजारची बाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हसूही आलं. आत पोटावर काहीतरी गार, चिकट लावलं आणि डॉक्टर एक दांडी फिरवत राहिले. पडद्यावर करडं करडं हलत होतं. मला त्यात काही कळलं नाही.

रिपोर्ट इंग्रजीत टाइप केलेले होते. माझं लिव्हर सोळा सेंटिमीटर, दाजींचं साडेसतरा. दोन्हीवर लिहिलं होतं की लिव्हर वाढलेलं आहे आणि चरबीमुळे जास्त उजळ दिसतं आहे. बार्शीच्या डॉक्टरांनी कागद वाचले आणि सांगितलं, "चरबी धरलीय. दारू पूर्ण बंद करा, दोघंही. चरबी उतरली की लिव्हर लहान होईल. आठ-नऊ महिन्यांनी परत काढून आणा, मग बघू."

आम्ही दोघांनीही यातून एकच गोष्ट उचलली: मोठं वाईट, लहान चांगलं. दूधवाल्यांना एका आकड्याची सवय असते. फॅट किती लागलं? आकडा कळला की माणूस पुढचं ऐकत नाही, कॅन उचलून चालू लागतो. आम्हीही तसेच उठलो.

मी दारू सोडली. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. हात कापायचे, घाम यायचा, झोप नाही. नमुना घेताना नळी हातातून पडायची. घरी बायको माझ्यासमोर उभी राहायची आणि नवी नळी हातात द्यावी तसा चहाचा कप द्यायची. त्या चहात मी चार चमचे साखर घालू लागलो. तोंडाला सतत काहीतरी गोड लागायचं. दाजींच्या भट्टीवरून खवा यायचा, त्याचे पेढे व्हायचे, आणि संध्याकाळची ती वेळ आली की मी पेढ्यांचा डबा घेऊन बसायचो. एक, दोन, पाच. पण दारूचा थेंब नाही. हे मी शपथेवर सांगतो, नऊ महिन्यांत थेंब नाही.

दाजींनी सोडली नाही, कमी केली. रोजची बंद केली आणि बाजारच्या दिवशी व सणाला ठेवली. अक्का कटकट करायची, त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "आगं, म्हशीला बी एकदम पेंड बंद केली की ती आटती."

बाजारच्या दिवशी माझी सुट्टी असली की मी ईटला जायचो. गावाबाहेर रस्त्याला एक धाबा होता. दिवस मावळायच्या आत आम्ही तिथे जाऊन बसायचो, ते त्यांचं घेऊन आणि मी सोड्याची बाटली घेऊन. मी कशाला जायचो, ते मला तेव्हा कळत नव्हतं. आता वाटतं, वासासाठी जायचो. आणि बघायला जायचो की ते थांबतात कसे. दोन ग्लास झाले की दाजी ग्लास पालथा घालत आणि शेंगदाणे खात बसत. बाटलीत शिल्लक असलं तरी तिच्याकडे बघत नसत. मला दारू सोडता आली होती, पण कमी करता आली नसती. माझ्यासमोर दोन ग्लास आले असते तर तिसरा आलाच असता. तो पालथा ग्लास बघून माझ्या मनात पहिल्यांदा जळायला सुरुवात झाली. या माणसाला देवानं सगळं सोपं करून दिलंय, असं वाटायचं.

वरून ते बारीकही झाले. पूर्वी शर्टाची बटणं ताणायची, आता शर्ट लोंबायला लागला. गालाची हाडं दिसायला लागली. तळहात लालबुंद दिसत, जसा तरुण माणसाच्या अंगात रक्ताचा जोर असावा. लोक म्हणायचे, "भट्टीवाले, लग्नातल्यावानी दिसाया लागलाव." माझं पोट मात्र पेढ्यांनी पुढे आलं होतं. अक्का एकदा सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्यानं दारू सोडली का गिळली, काय कळंना झालंय."

नऊ महिन्यांनी आम्ही परत सोलापूरला गेलो. तोच दवाखाना, तेच मशीन, तेच डॉक्टर. माझं लिव्हर साडेपंधरा सेंटिमीटर निघालं. वाढलेलं, चरबी धरलेलं, पहिल्यापेक्षा थोडं कमी, एवढंच. दाजींचं तेरा. कागद देणाऱ्या कारकुनानं वरचीच ओळ वाचून सांगितलं, "काका, तुमची साइज नॉर्मल आलीय. डॉक्टरांना दाखवून घ्या."

"नार्मल आली, आता दावायची काय?" दाजी म्हणाले आणि कागदाची घडी टोपीत खोचली.

परतीच्या एसटीत त्यांनी कंडक्टरला सांगितलं, पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला सांगितलं, बार्शीच्या स्टँडवर भजी तळणाऱ्याला सांगितलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "जळू नगा पाव्हणं. तुमचं बी उतरंल." घरी गेल्यावर भट्टीवरच्या ताज्या खव्याचे पेढे वळून गल्लीत वाटले. अक्कानं माझ्या हातावर दोन पेढे ठेवले आणि म्हणाली, "ह्यांचं लिव्हर अडाणी, लगीच ऐकलं. तुजं शिकलेलं हाय. त्येला अरज करावा लागंल." सगळे हसले. दाजी तर डोळे पुसत हसले. मी ते दोन्ही पेढे खाल्ले, आणि ते मला गोड लागले नाहीत.

बार्शीच्या डॉक्टरांकडे मीही गेलो नाही. साडेपंधरा सेंटिमीटर घेऊन कुठल्या तोंडानं जायचं? ते म्हणणार, तुम्ही चोरून पिता.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मी जसा होतो तसा मी आयुष्यात कधी नव्हतो. कॅन ढवळताना मनात तेच. मी नऊ महिने कोरडा राहिलो, ते बाजाराला पीत राहिले, आणि बरे ते झाले. माझे कापणारे हात कुणी पाहिले नाहीत. त्यांचा पालथा ग्लास गावानं पाहिला. मग मन आणखी मागे गेलं. माझी आई माझ्यापेक्षा जावयाला आधी वाढायची, ते आठवलं. मला बी.एस्सी.ची डिग्री मिळाली तेव्हा वडिलांनी हार दाजींच्या गळ्यात घातला होता. तो मीच घालायला सांगितला होता, आणि तेव्हा मला भरून आलं होतं. आता त्याचाही राग येऊ लागला. उपकार करणाऱ्या माणसाचा हेवा फार वाईट. तो कुणाला सांगता येत नाही. सांगायला गेलं तर आपणच कृतघ्न ठरतो, आणि ठरतो ते खरंच असतं.

शेवटी मी ठरवलं की दाजींच्या रिपोर्टात चूक असलीच पाहिजे. ती शोधायची.

पुढच्या सुट्टीला ईटला गेलो. दाजी भट्टीवर होते. अक्काला म्हटलं, "दाजींचे दोन्ही कागद दे गं, जरा बघतो." तिनं देवळीतून काढून दिले. "बघ, आन् शिक काहीतरी त्यातनं," म्हणाली. मी खाटेवर बसून ते वहीत उतरून घेतले, पहिला डाव्या पानावर, दुसरा उजव्या पानावर, ओळीला ओळ. केंद्रावर एखाद्या सोसायटीच्या दुधाचा संशय आला की आम्ही आजचा आणि मागचा आकडा असाच समोरासमोर मांडतो.

पहिल्या रिपोर्टात लिहिलं होतं: लिव्हरचा काठ गुळगुळीत. दुसऱ्यात: काठ किंचित ओबडधोबड. पहिल्यात: पोत एकसारखा, उजळ. दुसऱ्यात: पोत खरबरीत. पहिल्यात: प्लीहा नेहमीएवढी. दुसऱ्यात: प्लीहा थोडी वाढलेली. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ होती, की रुग्णाची तपासणी आणि रक्ताचे रिपोर्ट यांच्याशी हे ताडून बघावं.

मग मी माझा रिपोर्ट आठवला. माझा काठ दोन्ही वेळा गुळगुळीत होता. पोत दोन्ही वेळा एकसारखा. प्लीहा दोन्ही वेळा नेहमीएवढी.

दूध तपासणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या महिन्यात कळते. दुधात पाणी घातलं की डिग्री उतरते. साय काढून घेतली की डिग्री चढते. म्हणून हुशार माणूस दोन्ही करतो. आधी साय काढतो, मग पाणी घालतो, आणि डिग्री बरोब्बर जागेवर येते. नुसती डिग्री बघणारा फसतो. दोन खोटी मिळून एक खरा आकडा तयार होतो. मी खाटेवर बसून त्या तेराकडे बघत राहिलो. चरबीनं लिव्हर वाढतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण आणखी काहीतरी असेल का, जे त्याला आखडून लहान करतं? आणि खाली येता येता ते नेहमीच्या मापावरून जात असेल का?

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिलं नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. वही बंद करताना माझ्या तोंडातून 'हां' असा आवाज निघाला. अक्कानं आतून विचारलंसुद्धा, "काय रं, घावलं का काही?" मी म्हटलं, "न्हाय. सगळं नॉर्मल हाय."

आनंद फार वेळ टिकला नाही, पण भीतीनं जागा घेतली तरी तोंड उघडेना. मी डॉक्टर नाही, असं स्वतःला सांगितलं. माझा अंदाज चुकला तर? लोक म्हणतील, ह्याचं उतरलं नाही म्हणून हा दुसऱ्याच्या कागदात किडे काढतो. आणि तसं म्हणणाऱ्यांना मी काय उत्तर देणार होतो? मी खरोखरच किडे काढायला बसलो होतो.

त्याच दिवशी बाजार होता. दिवस कलताना दाजींनी मला धाब्यावर नेलं. दोन ग्लास झाले. पालथा घालायच्या वेळी त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जरा लाडानं विचारलं, "पाव्हणं, तुमी शिकल्याले हाव. आता नार्मल हाय तर आजून येक घ्यावं का? काय व्हतंय?"

ते मला परवानगी मागत होते. ज्या माणसानं मला शिकवलं, तो त्या शिक्षणाकडे सल्ला मागत होता. माझ्या खिशात ती वही होती. आणि मी म्हटलं, "घ्या की. तुम्हाला काय धाड भरलीय? तेरा सेंटिमीटर आहे तुमचं."

त्यांनी तिसरा घेतला, मग चौथा. ग्लास पालथा घातलाच नाही. मी सोडा पीत बघत होतो, आणि मला बरं वाटत होतं, कारण ते माझ्यासारखेच निघाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं मी थेट बार्शीला गेलो. डॉक्टरांपुढे वही उघडून ठेवली. दाजींचं नाव घ्यायला घाबरलो म्हणून म्हटलं, "हे माझं आहे. जरा समजावून सांगा."

डॉक्टरांनी दोन्ही पानं वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "शर्ट वर करा." पोट दाबलं. "हे तुमचं नाही. तुमचं पोट पेढ्याचं आहे. कुणाचं आहे हे?"

मी सांगितलं.

ते बराच वेळ बोलले. त्यांनी मला जे समजावलं ते असं. दारू कमी केली की आधी चरबी उतरते, काही आठवड्यांत, काही महिन्यांत. तसं लिव्हर लहान होतं, आणि ते चांगलंच. पण जुन्या पिणाऱ्याच्या लिव्हरला आतून व्रण पडलेले असतात. ते वाढले की लिव्हर आखडतं. तेही लहानच दिसतं. म्हणून लांबी एकटी काही सांगत नाही. काठ, पोत, प्लीहा, रक्त आणि समोर बसलेला माणूस, हे सगळं मिळून कळतं. मग त्यांनी विचारलं, "दंड बारीक झालेत का?" मी म्हटलं, हो. "तळहात लाल दिसतात?" मी म्हटलं, ते भट्टीच्या आचेनं. ते म्हणाले, "भट्टी काय आजची आहे? लाल कधीपासून दिसतात?" मी म्हटलं, गेल्या काही महिन्यांत. याच दोन गोष्टींचा मी इतके महिने हेवा केला होता.

"पाय सुजतात का?"

"माहीत नाही. ते कधी सांगत नाहीत."

"घेऊन या त्यांना. उशीर झालाय का नाही, हे बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. पण थेंबही नको. कमी नाही, बंद. या पायरीवर बंद केली तर पुष्कळ माणसं वर्षानुवर्षं चांगली राहतात."

मग माझा कागद मागितला. साडेपंधरा वाचून म्हणाले, "दारू सुटलीय तुमची, ते रक्तात दिसेल. पण साखर किती खाता? दारूनं नाही, आता गोडानं चरबी धरलीय. ती उतरेल." म्हणजे माझा साडेपंधराचा वाईट कागद चांगला होता आणि दाजींचा तेराचा चांगला कागद वाईट. मी ज्या आकड्यासाठी जळलो तो असा होता.

तिथूनच ईटला जायला हवं होतं. स्टँडवर ईटची गाडी लागलेली होती. मी तिच्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. समोर बसून सांगितलं तर दाजी हसून उडवून लावतील, म्हणतील, जळताय व्हय पाव्हणं. आणि 'नाही' असं मला त्यांच्यापुढे तोंड वर करून म्हणता येणार नाही. कागदावर मात्र मी खोटं लिहीत नाही. दहा वर्षं तेच काम केलं होतं. स्टँडसमोरच्या पोस्टातून मी पाकीट घेतलं. दाजी चौथी शिकलेले. ओळीखाली बोट धरून वाचत. म्हणून अक्षर मोठं काढलं. त्याची कच्ची प्रत वहीत राहिली, ती इथे उतरवतो.

*

तीर्थरूप दाजींस साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचा. वेळ लागला तरी चालेल, पण दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका. पहिल्यांदा अक्कालाही सांगू नका. आपण डॉक्टरांकडून आलो की मीच तिला सांगेन.

तुमचा दुसरा रिपोर्ट चांगला नाही. लिव्हर तेरा झालं आहे ते खरं, पण नुसती चरबी उतरून झालेलं नसावं. आतून व्रण धरून ते आखडलं असावं, असं डॉक्टरांना वाटतं. साय काढून पाणी घातलेल्या दुधाची डिग्री कशी जागेवर येते, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या तेरावर तसाच विश्वास ठेवू नका. खाली लिहिलेल्या ओळी कारकुनानं वाचल्या नाहीत. मी वाचल्या होत्या.

आता जे लिहितो ते लिहायला जड जातं आहे. बाजारच्या दिवशी धाब्यावर तुम्ही मला विचारलंत तेव्हा मला हे माहीत होतं. पूर्ण नव्हतं, पण वही माझ्या खिशात होती. तरी मी तुम्हाला घ्या म्हणालो. मला तुमचा हेवा वाटत होता. तुम्ही पिऊन बरे झालात आणि मी सोडून बरा झालो नाही, हे मला सहन झालं नाही. तुम्ही गंमतीनं जळू नका म्हणायचात. मी खरंच जळत होतो. तो तिसरा आणि चौथा ग्लास माझ्या नावावर धरा. मी तुमची क्षमा मागत नाही, कारण तुम्ही ती लगेच कराल आणि मला ती इतक्या लवकर नको आहे.

माझं लिव्हर ठीक आहे. डॉक्टर म्हणाले, पेढे बंद करा. तेव्हा खवा पाठवू नका.

येत्या सोमवारी सकाळी काही न खाता, चहासुद्धा न घेता बार्शीला या. मी रात्रपाळी बदलून घेतो, नऊ वाजता स्टँडवर असेन. दोन्ही कागद बरोबर आणा. रक्त तपासायचं आहे. पायाला सूज येते का, ते डॉक्टर विचारतील. खरं सांगा. माझ्यासारखं निम्मं सांगू नका.

तोपर्यंत एक थेंबही घेऊ नका. बाजारालाही नाही. कुणी आग्रह केला तर माझ्यावर ढकला, म्हणा की मेहुण्यानं शपथ घातली आहे. पहिले काही दिवस हात कापतील, झोप येणार नाही. मला ते ठाऊक आहे. फारच झालं, बरळल्यासारखं व्हायला लागलं तर सोमवारची वाट बघू नका, तसेच डॉक्टरांकडे या आणि मला तार करा.

तुम्ही सोमवारी दिसला नाहीत तर मंगळवारच्या पहिल्या गाडीनं मी ईटला येतो, आणि तुम्हाला घेतल्याशिवाय परत जाणार नाही.

आपला,
मेहुणा